वाणिज्य पदवीधराचे कारखान्यातील पहिले वर्ष

वाणिज्य शाखेची पदवी हाती पडली की बहुतेक तरुणांना दोनच वाटा दिसतात. एक बँकेच्या परीक्षेची आणि दुसरी सनदी लेखापालाच्या अभ्यासक्रमाची. तिसरी वाट घरापासून फार दूर नसते, पण तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. ती म्हणजे उद्योगातील लेखा विभागाची. चाकण, वाळूज, बुटीबोरी येथील औद्योगिक वसाहती असोत, गोव्यातील वेर्णा असो वा गुजरातेतील वापी, प्रत्येक कारखान्यात यंत्रांच्या आवाजापासून थोडी बाजूला एक खोली असते आणि कारखान्याचा सारा व्यवहार अंकांच्या रूपाने तेथे उतरत असतो. या खोलीत प्रथमच पाऊल ठेवणाऱ्या पदवीधराला कोणते काम करावे लागते, त्यात कोणती जबाबदारी दडलेली असते आणि पुढे कोणत्या वाटा खुल्या होतात, याचा विचार उपयुक्त ठरेल.

पुस्तकातील हिशेब आणि कारखान्यातील हिशेब

महाविद्यालयातील उदाहरणात व्यवहार आयता दिलेला असतो. ‘अमुक यांच्याकडून 50,000 रुपयांचा माल उधारीने खरेदी केला’ असे वाक्य येते आणि विद्यार्थी त्याची रोजकीर्द लिहितो. कारखान्यात असे तयार वाक्य कोणी देत नाही. तेथे तीन कागद समोर येतात: खरेदी आदेश, फाटकावर नोंद होऊन आलेली मालाची पावती आणि पुरवठादाराचे बिल. आदेश 500 नगांचा असतो, पावती 480 नगांची असते आणि बिल पुन्हा 500 नगांचे असते. नोंद कितीची करायची, हा नवागताचा खरा पहिला धडा होय. उरलेले 20 नग वाटेत राहिले, तपासणीत नाकारले गेले की मोजणीतच चुकले, हे भांडारात जाऊन विचारल्याशिवाय कळत नाही.

म्हणूनच जाणते लेखाधिकारी नव्या माणसाला पहिले काही आठवडे संगणकासमोर बसवून ठेवण्याऐवजी भांडार, उत्पादन विभाग आणि माल रवानगी येथे फिरवून आणतात. माल कोठून येतो, कोठे थांबतो आणि कोणत्या रूपात बाहेर पडतो, हे ज्याने डोळ्यांनी पाहिले, त्याला खतावणीतील आकडा खोटा वाटला तर तो तत्काळ खटकतो.

महिन्याचे पंचांग

लेखा विभागाचा महिना तारखांनी बांधलेला असतो. आधीच्या महिन्यात मुळातून कापलेला आयकर 7 तारखेपर्यंत भरावा लागतो. मार्च महिन्याच्या कपातीसाठी ही मुदत 30 एप्रिलपर्यंत असते. वस्तू व सेवा कर 1 जुलै 2017 पासून लागू झाला. त्याचे विक्रीचे मासिक विवरणपत्र 11 तारखेपर्यंत आणि कर भरणा दर्शविणारे विवरणपत्र 20 तारखेपर्यंत दाखल करण्याची सर्वसाधारण मुदत आहे. कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीची रक्कम 15 तारखेपर्यंत जमा करावी लागते. याशिवाय बँकेच्या खात्याचे जुळवणीपत्रक, पगारपत्रक आणि बँकेला द्यावयाचे माल साठा पत्रक ही कामे असतातच.

हे पंचांग पाठ असणे पुरेसे नाही. प्रत्येक तारखेमागील कारण उमगले पाहिजे. पुरवठादाराने आपले विक्रीचे विवरणपत्र वेळेवर भरले नाही, तर खरेदीवर दिलेल्या कराची वजावट कारखान्याला त्या महिन्यात मिळत नाही आणि तेवढी रोकड अडकते. तारीख चुकली तर केवळ दंड होतो असे नव्हे. एकाची दिरंगाई दुसऱ्याची अडचण ठरते.

एक उदाहरण: माल साठा पत्रक

नवागत लेखापालाची खरी परीक्षा कोठे होते, हे एका काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होईल.

यंत्रांचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका लहान कारखान्याला बँकेने 80 लाख रुपयांची कॅश क्रेडिट मर्यादा मंजूर केली आहे. मालसाठा आणि ग्राहकांकडील येणी बँकेकडे नजरगहाण आहेत. देणी वजा केलेल्या मालसाठ्यावर 25 टक्के दुरावा आणि 90 दिवसांच्या आतील येण्यांवर 40 टक्के दुरावा ठेवून उचलीची मर्यादा, म्हणजेच ड्रॉइंग पॉवर, काढली जाते.

महिनाअखेरीस भांडारातून साठ्याचा आकडा आला 80 लाख. पुरवठादारांची देणी 20 लाख, ग्राहकांकडील येणी 60 लाख. मागील महिन्याचा तक्ता समोर ठेवून नवागताने गणित मांडले. 80 लाखांतून 20 लाख वजा जाता 60 लाख उरले. त्यावर 25 टक्के दुरावा सोडून 45 लाख आले. येण्यांवर 40 टक्के दुरावा सोडून 36 लाख आले. एकूण 81 लाख, म्हणजे पूर्ण 80 लाखांची मर्यादा उपलब्ध. खात्यातील उचल 72 लाख होती. सारे सुरळीत दिसत होते.

परंतु भांडारात जाऊन पाहता दोन गोष्टी उघड झाल्या. साठ्यातील 12 लाखांचा माल कारखान्याचा नव्हताच. एका ग्राहकाने तो केवळ काम करून देण्यासाठी पाठविला होता. तसेच येण्यांपैकी 10 लाख रुपये 90 दिवसांहून अधिक काळ थकलेले होते. आता गणित बदलले. स्वतःचा साठा 68 लाख, देणी वजा जाता 48 लाख, दुरावा सोडून 36 लाख. पात्र येणी 50 लाख, दुरावा सोडून 30 लाख. एकूण 66 लाख. म्हणजे खात्यातील उचल मर्यादेपेक्षा 6 लाखांनी अधिक झाली होती आणि पगाराची तारीख चार दिवसांवर आली होती.

आकड्याची जबाबदारी

अशा वेळी ‘या महिन्यापुरता जुनाच आकडा राहू द्या, पुढच्या महिन्यात जुळवून घेऊ’ असे सांगणारे कोणीतरी हमखास भेटते. सांगणारा वयाने व अनुभवाने मोठा असतो, त्याच्या मनात वाईट हेतूही नसतो आणि कामगारांचा पगार हे कारणही खरे असते. नव्या माणसाची कसोटी लागते ती येथे. दुसऱ्याच्या मालकीचा माल आपला म्हणून बँकेला दाखविणे ही हिशेबातील सवलत नसून चुकीची माहिती देणे आहे, हे त्याने नम्रपणे पण स्पष्टपणे वरिष्ठांना सांगितले पाहिजे. बँकेच्या साठा तपासणीत किंवा वार्षिक लेखापरीक्षणात ही तफावत उघड झाली, तर 6 लाखांचा प्रश्न बाजूला राहतो आणि संपूर्ण खात्याची पत पणाला लागते.

मात्र केवळ ‘हे चूक आहे’ एवढे सांगून लेखापालाचे काम संपत नाही. त्याने मार्गही सुचविला पाहिजे. वरील उदाहरणात तो आकड्यांतच आहे. थकलेले 10 लाख रुपये वसूल झाले, तर उचल 72 लाखांवरून 62 लाखांवर येते. ती येणी मर्यादेत धरलेलीच नसल्यामुळे मर्यादा मात्र 66 लाखच राहते आणि खाते नियमित होऊन वर 4 लाखांची सोय होते. याउलट 90 दिवसांच्या आतील येण्यांतून 10 लाख आले, तर उचल 62 लाखांवर येते, पण मर्यादाही 6 लाखांनी घटून 60 लाखांवर येते आणि खाते 2 लाखांनी अनियमितच राहते. म्हणून प्रथम पाठपुरावा जुन्या येण्यांचा करावा, हे सूत्र नवागताने मनावर कोरून ठेवावे.

या पाठपुराव्याला कायद्याचे बळही आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, 2006 अन्वये सूक्ष्म वा लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्याने लेखी करार असला तरी कमाल 45 दिवसांत रक्कम चुकती करावयाची असते. करार नसल्यास ही मुदत 15 दिवसांची आहे. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढ पद्धतीने व्याज देय होते. शिवाय आर्थिक वर्ष 2023-24 पासून मुदतीबाहेर दिलेल्या अशा रकमेची आयकरातील वजावट खरेदीदाराला ती प्रत्यक्ष दिलेल्या वर्षीच मिळते. ही तरतूद सौजन्यपूर्ण पत्राने लक्षात आणून दिली, तर पुष्कळदा तक्रारीची वेळ येत नाही. वसुलीस वेळ लागणारच असेल, तर बँकेकडे आधी जाऊन खरी स्थिती सांगणे आणि तात्पुरत्या सवलतीची विनंती करणे हा सरळ मार्ग होय. सवलत मिळेलच असे नाही, परंतु आपण होऊन खरे सांगणाऱ्या ग्राहकाचे म्हणणे बँकेत अधिक विश्वासाने ऐकले जाते.

पुढील वाटचाल

पहिली दोन वर्षे देणी, येणी, बँक, कर आणि साठा या पाचही मेजांवर काम करण्याची संधी मिळेल असे पाहावे. लहान कारखान्यात वेतन बेताचे असले, तरी ही संधी लवकर मिळते. मोठ्या उद्योगात शिस्त व पद्धती शिकावयास मिळतात, मात्र वर्षानुवर्षे एकाच मेजावर राहण्याचा धोका असतो.

शिक्षणही थांबवू नये. सनदी लेखापाल होण्यासाठी प्रशिक्षणार्थी म्हणून ठरावीक काळ काम करणे अनिवार्य असल्याने पूर्णवेळ नोकरीसह तो मार्ग कठीण जातो. परिव्यय लेखाशास्त्राचा अभ्यासक्रम मात्र नोकरी सांभाळून करणारे अनेक जण आहेत. या व्यवसायाची संस्था 1959 च्या अधिनियमाने स्थापन झाली आणि कारखान्यातील दैनंदिन अनुभव हा तिच्या अभ्यासक्रमाला पूरकच ठरतो. एखाद्या सुट्या भागाला प्रत्यक्षात किती खर्च येतो, हे ज्याला सांगता येते, त्याचे म्हणणे किंमत ठरविताना व्यवस्थापनाला ऐकावेच लागते.

वरील उदाहरणातील नवागताने त्या दिवशी भांडारापर्यंतची पन्नास पावले चालण्याचा कंटाळा केला असता, तर 81 लाखांचे पत्रक बँकेत पोहोचले असते आणि ते कोणालाही लगेच खटकले नसते. ती पन्नास पावले चालण्याची सवय पहिल्याच वर्षी लागावी. पुढे हुद्दा वाढला आणि भांडार दूर गेले, तरी मग ती सुटत नाही.