मत्स्यालयाचा तळ

काचेच्या टाकीत मासे पाळण्याचा छंद आता लहान गावांपर्यंत पोहोचला आहे. टाकी विकत घेताना माणसे माशांचे रंग निरखतात, दिव्यांची रोषणाई पाहतात. तळाशी घालायची खडी मात्र जाता जाता, दुकानदाराने पुढे केलेल्या पिशवीतून घेतली जाते. ती बहुधा निळी, गुलाबी किंवा पांढरीशुभ्र असते. वास्तविक टाकीतील मासे जगणार की आठवड्याभरात एकेक करून पाण्यावर तरंगू लागणार, यात त्या खडीचा वाटा मोठा असतो.

हा वाटा डोळ्यांना दिसत नाही. मासे प्रामुख्याने कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतात. न खाल्लेले अन्न कुजले की त्यात भर पडते. नदीत हा अमोनिया वाहत्या पाण्यात विरून जातो. टाकीत तो साठतो आणि माशांना विषासमान ठरतो. येथे जिवाणू उपयोगी पडतात. एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये रूपांतर करतात. तेही घातकच, परंतु दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्याचे पुष्कळ सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. सेर्गेई विनोग्रादस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास मातीतील अशा जिवाणूंचे कार्य उलगडून दाखविले. हे जिवाणू पाण्यात मोकळे तरंगण्यापेक्षा पृष्ठभागाला चिकटून वाढतात. गाळणीतला स्पंज सोडला, तर टाकीतील सर्वांत मोठा पृष्ठभाग खडीच्या असंख्य दाण्यांचाच असतो. तेथे त्यांची पुरेशी वस्ती होण्यास साधारणपणे ४ ते ६ आठवडे लागतात. काल भरलेल्या टाकीत आज डझनभर मासे सोडणे म्हणजे त्यांना त्यांच्याच विषात कोंडणे होय.

दाणा किती मोठा असावा? सर्वसाधारण टाकीला २ ते ५ मिलिमीटरची, कडा घासून गोल झालेली नदीची खडी चांगली. त्याहून मोठे गोटे घातल्यास अन्नाचे कण फटींत पडून माशांना न दिसता कुजतात. अगदी बारीक रेतीचा जाड थर दिल्यास पाणी आत झिरपत नाही, प्राणवायू पोहोचत नाही आणि खाली काळे पट्टे दिसू लागतात. असा थर ढवळला की सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइडचा. रेतीच वापरायची असेल, तर थर २ ते ३ सेंटिमीटरच ठेवावा. खडीचा थर ५ सेंटिमीटर चालतो. ६० सेंटिमीटर लांब व ३० सेंटिमीटर रुंद टाकीला एवढ्या थरासाठी ९ लिटर, म्हणजे अंदाजे १४ किलो खडी लागते. टाकी ठेवायचे टेबल निवडताना पाण्याबरोबर हेही वजन मोजावे.

तथापि, अखेरचा शब्द माशांचा. सह्याद्रीतून उगम पावणाऱ्या नद्यांतील पट्टेरी बोटिया हा मासा मिशांनी तळ चाचपडत अन्न शोधतो. पश्चिम घाटाबाहेर न आढळणारी ही जात आज संकटग्रस्त मानली जाते. दक्षिण अमेरिकेतील कोरिडोरासचीही हीच रीत. फोडलेल्या दगडाच्या धारदार खडीवर या माशांच्या मिशा झिजतात, त्यांना जखमा होतात. त्यांना मऊ रेतीच हवी. गोल्डफिश तर खडे तोंडात घेऊन चघळतो व टाकून देतो. त्याच्या तोंडात अडकेल अशा मापाचा खडा त्याच्या टाकीत नसावा. भडक पांढऱ्या तळावर अनेक मासे फिके पडतात आणि बुजल्यासारखे वागतात. गडद तळावर त्यांचेच रंग खुलतात. रंगविलेल्या खडीचा हा तोटा विकणारा सहसा सांगत नाही.

करून पाहा : कोरड्या खडीच्या चार दाण्यांवर व्हिनेगरचे थेंब टाका. बुडबुडे आले, तर तीत चुना आहे असे समजावे. अशी खडी पाण्यात हळूहळू विरघळून पाणी जड करते व त्याचा सामू वाढविते. शिंपल्यांच्या तुकड्यांनी भरलेली समुद्रकाठची रेती म्हणूनच बहुतेक गोड्या पाण्याच्या टाक्यांना वर्ज्य. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील निऑन टेट्राला असे पाणी मानवत नाही. आफ्रिकेतील टांगानिका सरोवराच्या माशांना मात्र तेच हवे असते.

पाणवनस्पती लावायच्या असतील, तर नुसती खडी अपुरी पडते, कारण तिच्यात पोषण नसते. क्रिप्टोकोरिनसारख्या वनस्पती मुळांवाटे पुष्कळसे अन्न घेतात. अशा टाक्यांत खडीखाली लोहयुक्त जांभ्याचा चुरा घालण्याची पद्धत आहे. कोकणात घरे बांधण्यासाठी ज्याचे चिरे काढतात, तोच हा दगड! केरळमधील अंगाडिपुरम येथे पाहिलेल्या या दगडाला फ्रान्सिस बुकानन यांनी १८०७ मध्ये ‘लॅटेराइट’ हे नाव दिले.

निवडलेली खडी बादलीत घेऊन, पाणी नितळ येईपर्यंत धुवावी. साबण मुळीच लावू नये. पुढे दर आठवड्याला थोडे पाणी बदलताना रबरी नळीने खडीतील गाळ ओढून घ्यावा. टाकी स्वच्छ दिसावी म्हणून सगळी खडी उपसून नळाखाली घासणाऱ्यांची संख्या मोठी आहे. त्या पाण्यातील क्लोरिन आणि घासणे मिळून आठवड्यांच्या मुदतीने वसलेले जिवाणू एका सकाळीत नाहीसे होतात, आणि दोन-चार दिवसांनी मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात. धुणे अटळच असेल, तर निम्मीच खडी काढावी, ती टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळून घ्यावी आणि उरलेल्या निम्म्या खडीला महिनाभर हात लावू नये.