कागदाची घडी आणि तिचे शास्त्र

कागद आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की, त्यालाही स्वतःचा एक कल असतो, याची जाणीव आपणांस सहसा होत नाही. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत सौंसर येथे भेटकार्डे व कागदकाम यांचा एक वर्ग भरला होता. त्या वर्गास आम्ही आमच्या आजीसमवेत पांढुर्ण्याहून जात असू. तेथे जे शिकावयास मिळाले, ते शाळासोबत्यांच्याही उपयोगी पडेल, या हेतूने येथे देत आहो.

आजी प्रथम यावयास राजी नव्हती. "मले काय समजते बाप्पा त्यातलं? म्या त कधी पाटीबी धरली नाही," असे तिचे म्हणणे. शेवटी आमच्या सोबतीसाठी म्हणून ती आली.

पहिला धडा घडीचा होता. यंत्रावर कागद तयार होताना त्यातील बहुतेक तंतू लगद्याच्या प्रवाहाच्या दिशेस वळतात. त्या दिशेस समांतर घातलेली घडी सरळ बसते. तिला आडवी घातल्यास, विशेषतः जाड कागदात, तंतू मोडून कडेस भेगा पडतात. ही दिशा ओळखण्याची रीत सोपी आहे. एकाच कागदातून सारख्या मापाच्या दोन पट्ट्या, एक उभी व एक आडवी, कापाव्यात आणि एका टोकाशी धरून पाहाव्यात. जी ताठ राहील तिच्यात तंतू लांबीच्या दिशेने आहेत, व जी खाली लवेल तिच्यात ते रुंदीच्या दिशेने आहेत, असे समजावे.

आजीला पट्ट्या कापाव्या लागल्या नाहीत. तिने कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहिला आणि म्हटले, "हा इकडून मानते." बाईंनी तपासून पाहिले, तो ते बरोबर निघाले. आजीचे तरुणपण पळसाच्या पानांच्या पत्रावळ्या लावण्यात आणि द्रोण टाचण्यात गेले होते. शिरेच्या विरुद्ध दुमडलेले पान फाटते, हे तिच्या बोटांना ठाऊक होते. दुसऱ्या दिवसापासून बाईंनी तिला लहान मुलींना घडी शिकविण्यास बसविले.

दुसरा धडा मापाचा. आपण नित्य वापरतो तो ए-४ कागद २९७ मिलिमीटर लांब व २१० मिलिमीटर रुंद असतो. या दोन बाजूंचे गुणोत्तर २ च्या वर्गमुळाइतके, म्हणजे सुमारे १.४१४ आहे. म्हणून त्याची निम्मी घडी घातली तरी आकाराचे प्रमाण बदलत नाही. दोन घड्यांनंतर १४८ बाय १०५ मिलिमीटरचे सुबक कार्ड हाती येते. भूमितीचा हा नियम आम्ही तेथे कात्रीवाचून अनुभवला.

तिसरा धडा हातकागदाचा. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने या धंद्यास उत्तेजन दिले. सुती चिंध्यांच्या लगद्यात चाळणी बुडवून हाताने उचललेल्या या कागदात तंतू बहुधा सर्व दिशांस विखुरतात. त्यामुळे तो घडीसाठी एका दिशेचा फारसा हट्ट धरीत नाही. आपल्या पांढुर्णा-सौंसरच्या काळ्या जमिनीत पिकणारा कापूस जुनेर झाल्यावरही असा उपयोगी पडतो.

शेवटच्या दिवशी प्रत्येकाने एक कार्ड करावयाचे होते. आजीने आपले कार्ड काटोलच्या बहिणीसाठी केले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून काटोल आणि पांढुर्णा यांच्यामध्ये राज्याची सीमा आहे. आजवर बहिणीला जाणारी पत्रे आजी दुसऱ्याकडून लिहवून घेत असे. आम्ही पेन्सिलीने तिचे नाव काढून दिले व तिने त्यावरून सावकाश शाई फिरविली. सहीला बराच वेळ लागला. पण तोवर वर्गात कोणी उठले नाही.

विद्यार्थिमित्रांनो, घरातील जुन्या लग्नपत्रिका टाकून देण्यापूर्वी त्यांच्यावर हा पट्ट्यांचा प्रयोग अवश्य करावा, आणि त्या वेळी घरातील वडीलधाऱ्या माणसांस शेजारी बसवावे. त्यांच्या हातांस पुष्कळ गोष्टी ठाऊक असतात. फक्त त्या कोणी विचारलेल्या नसतात.