तळा गावाच्या वसंतवाटा

इंग्लंडच्या वायव्येस डोंगर आणि सरोवरे यांनी भरलेला एक प्रदेश आहे. वर्डस्वर्थ हा प्रसिद्ध कवी तेथलाच. त्या प्रदेशात वसंत येतो तेव्हा डोंगरावरील बर्फ वितळते, ओढे भरून वाहू लागतात आणि हिवाळाभर घरात बसलेली माणसे दिवसभराच्या डोंगरयात्रेस निघतात. कोठेही ओंजळ धरावी, पाणी मिळते.

रायगड जिल्ह्यातील तळा या गावी वसंत येतो तो अगदी निराळ्या रीतीने. फाल्गुनात पळस आणि पांगारा निष्पर्ण फांद्यांवर लाल फुले घेऊन उभे राहतात. कुसुंबाला तांबूस पालवी फुटते, करवंदीच्या जाळ्यांत हिरवी फळे धरू लागतात. डोंगराने इतके सुंदर रूप घेतलेले असते आणि नेमके त्याच वेळी त्याच्या अंगावरचे पाणी आटलेले असते. तेव्हा तळ्याच्या परिसरात वसंतातील सहल ठरविणाऱ्याने ‘कोणता डोंगर उंच?’ हा प्रश्न मागे ठेवावा. ‘पाणी किती, सावली कोठे आणि परतावयाचे केव्हा?’ हे त्याने आधी विचारावे.

पावसाळ्यात येथे पाण्याची लयलूट असते. मग जूनपर्यंत ते कोठे जाते? सह्याद्री आणि त्याचे हे फाटे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांनी बनले आहेत. हा काळा खडक कठीण असल्यामुळे तीव्र उतारावर पडलेले पाणी बहुतांशी वरचेवरच वाहून खाडीस मिळते. जुन्या दुर्गकारांना हे पक्के ठाऊक होते. म्हणूनच त्यांनी तट बांधण्याइतकेच श्रम खडकात टाकी खोदण्यावर खर्च केले.

तळे गावाच्या माथ्यावरील तळगडावर अशी खोदीव टाकी ओळीने पाहावयास मिळतात. गड फारसा उंच नाही आणि त्याचा माथा लांबट व अरुंद आहे. परंतु तेथून मांदाडची खाडी दृष्टीस पडते आणि याच खाडीसाठी सिद्दी व मराठे यांच्यात झगडा होता. शिवाजी महाराजांनी हा गड सिद्दीकडून घेतला. पुढे १६५९ मध्ये सिद्दीने त्यास वेढा घातला. पण अफझलखानाचा वध झाल्याची वार्ता येताच त्याने वेढा उठविला. ती गोष्ट नोव्हेंबरातली, म्हणजे पावसाने टाकी भरून गेल्यानंतरची. १६६५ च्या पुरंदरच्या तहात महाराजांना तेवीस किल्ले द्यावे लागले आणि बाराच राहिले; त्या बारांत तळगड होता आणि शेजारचा घोसाळगडही होता. १८१८ साली कर्नल प्रॉथर याने हे दोन्ही किल्ले इंग्रजांसाठी जिंकून घेतले.

तळगडावर वसंतात जावयाचे तर ते फाल्गुनात आणि पहाटे. सूर्य पूर्वेस असतो तोवर पश्चिमेकडच्या उतारांवर डोंगराचीच सावली असते. दहा वाजले की ती सरकू लागते आणि दुपारी तर आसरा उरतच नाही. तळ्याच्या अक्षांशावर मे महिन्याच्या मध्यास सूर्य थेट माथ्यावर येतो. त्या दिवशी मध्यान्ही उभ्या काठीची सावली काही क्षण दिसेनाशी होते. ज्या तटाखाली सावली मिळेल म्हणून आपण चढलो, तोच तट अशा वेळी तापलेल्या तव्यासारखा होतो. शिवाय खाडीकडून येणारी हवा दमट असते. दमट हवेत घाम लवकर वाळत नाही आणि घाम वाळला नाही म्हणजे शरीर थंड होत नाही. उष्माघात होण्यास एवढे कारण पुरते. प्रत्येकाजवळ दोन-तीन लिटर पाणी असावे. टाक्यांत हिरवे पडलेले पाणी दिसले तरी ते पिऊ नये.

उत्तरेकडील घोसाळगडाचा सुळक्यासारखा माथा दुरूनच मन ओढून घेतो. मुले बहुधा हाच गड निवडतात! पण चैत्रात वाळलेले गवत आणि सुटी माती यांवरून पाय घसरतो. चढताना जे जमले ते उतरताना जमत नाही. तो मार्गशीर्षासाठी राखून ठेवावा हे बरे.

मग भर चैत्रात जावे कोठे? मांदाडच्या खाडीकाठी कुडे गावाजवळच्या डोंगरात सव्वीस बौद्ध लेणी आहेत. चढ थोडा, आणि वर पोहोचताच खडकात कोरलेल्या खोल्यांची गार सावली. येथे टाकीही आहेत. भिंतींवरील ब्राह्मी लेखांत ज्यांनी दान दिले त्यांचा उल्लेख आहे. त्यांत अधिकारी आहेत तसे वैद्य आहेत, माळी आहेत. कऱ्हाडचा एक लोखंडाचा व्यापारीही आहे. घाट उतरून इतक्या दूर येणाऱ्या त्या व्यापाऱ्याला येथे थांबावेसे वाटले, याचे कारण समोरची खाडी पाहिली की सहज ध्यानात येते. ग्रीक लेखकांनी उल्लेखिलेले ‘मंदगोर’ बंदर ते हेच मांदाड, असे काही अभ्यासक मानतात.

सहलीचा दिवस ठरला की सर्वांत हळू चालणाऱ्याचा वेग हाच सगळ्यांचा वेग धरावा. त्याला पुढे चालावयास द्यावे. मागे ठेवला तर तो प्रत्येक विसाव्याच्या जागी उशिरा पोहोचतो आणि त्याला विसावा मुळी मिळतच नाही. कड्याला आग्यामोहोळ लटकलेले दिसल्यास बोलणे थांबवून दुसरी वाट धरावी. वाळलेल्या गवताजवळ चूल पेटवू नये. एका ठिणगीचा वणवा रात्रभर डोंगर जाळतो आणि पाखरांची घरटी त्यात जातात.

पायथ्याच्या गावात पाणी मागताना घागर कोठून आली हे आधी पाहावे. चैत्रात कित्येक वाड्यांतील बायका दूरच्या विहिरीवरून पाणी आणतात. त्या ‘नाही’ म्हणत नाहीत. म्हणून घरूनच भरलेली बाटली न्यावी आणि त्यांच्या दारी बसून फक्त वाट विचारावी. वाट त्या अचूक सांगतात, आणि गेल्या आठवड्यात कोणते टाके कोरडे पडले तेही.