बायबलातील वाटा आणि आपले पाय



मिस्साचे वाचन ऐकताना नाझरेथ, बेथलेहेम, यरीहो ही गावे एकाच वाक्यात येतात आणि जातात. आपण एस.टी.ने आणि दुचाकीने फिरणारी माणसे. मधली वाट किती लांब होती याचा विचार सहसा करीत नाही. बायबलातील बहुतेक माणसे पायी चालली. ती किती चालली हे आपल्याकडच्या रस्त्यांवर मोजून पाहिले, तर त्यांचे कष्ट कळतील आणि आपल्या पायांसाठीही काही शिकता येईल.

मापे

आपल्या वडीलधाऱ्यांप्रमाणे यहुदी लोकही ‘हात’ हे माप वापरीत : कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, म्हणजे सुमारे दीड फूट. शब्बाथ दिवशी चालण्याची मर्यादा २,००० हात होती. म्हणजे एक किलोमीटरहून थोडे कमी. जैतुनाचा डोंगर यरुशलेमपासून एवढ्याच अंतरावर होता (प्रेषितांची कृत्ये १:१२). लांबच्या प्रवासाला ‘एक दिवसाची मजल’ म्हणत (लूक २:४४). ती साधारण २५ ते ३० किलोमीटरांची समजावी.

तीन वाटा

१. नाझरेथ ते बेथलेहेम. सरळ रेषेत हे अंतर सुमारे ११० किलोमीटर आहे. डोंगरदऱ्यांच्या वाटेने १३० ते १५० भरते. बेळगावहून निघावे, संकेश्वर, निपाणी, कागल, कोल्हापूर मागे टाकावे आणि वारणा नदीपर्यंत जावे, एवढी ही वाट. पाच-सहा दिवस लागले असतील, आणि पवित्र मरिया गरोदर होती. चित्रांत आपण तिला गाढवावर बसलेली पाहतो, पण संत लूकने गाढवाचा उल्लेख केलेला नाही.

२. यरुशलेम ते यरीहो. यरुशलेम आणि आपले बेळगाव जवळपास एकाच उंचीवर आहेत, समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर. यरीहो मात्र समुद्रसपाटीच्याही सुमारे २५० मीटर खाली आहे. म्हणजे २७ किलोमीटरांत १,००० मीटरचा उतार. आंबोलीहून सावंतवाडीला उतरताना अंतर जवळपास एवढेच, सुमारे ३० किलोमीटर; पण तेथे झाडी आणि पाणी आहे. यरीहोची वाट ओसाड आणि कोरडी. अशा जागी जखमी होऊन पडलेला माणूस मदतीवाचून वाचला नसता. दयाळू शोमरोनीने त्याला आपल्या जनावरावर बसवले, याचा अर्थ उरलेली वाट तो स्वतः पायी चालला.

३. यरुशलेम ते अम्माऊस. संत लूक हे अंतर ६० स्टेडिया सांगतो (लूक २४:१३). म्हणजे ११ किलोमीटर, साडेतीन कोस. बेळगाव शहरातून सांबऱ्याला जावे इतके. काही जुन्या हस्तलिखितांत १६० स्टेडिया असेही आहे. दोघे शिष्य दिवस कलता कलता पोहोचले, भाकर मोडताना त्यांनी प्रभूला ओळखले आणि त्याच घटकेस उठून परत निघाले. दिवसभराच्या थकव्यानंतर पुन्हा तेवढेच अंतर, तेही अंधारात. त्यांचा आनंद किती मोठा होता हे या साडेतीन कोसांवरून कळते.

चालणाऱ्यांसाठी

आपल्या भागातून अनेक भाविक ३ डिसेंबरच्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्या सणासाठी जुन्या गोव्याला चालत जातात. चोर्ल्याच्या घाटाने ही वाट सुमारे ११० किलोमीटर आहे. त्यांनी, आणि रोज शेतात राबणाऱ्यांनीही, पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पोट आणि झोप : एलीया एक दिवसाची मजल चालून इतका खचला की त्याने मरण मागितले. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा उठवून खायला घातले (१ राजे १९). उपाशीपोटी मजल मारण्यात पुण्य नाही.

पाणी : येशू स्वतः दुपारी थकून विहिरीवर बसला आणि त्याने पाणी मागितले (योहान ४). ऐन दुपारी सावलीत थांबावे. तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी प्यावे. जुलाब झाल्यास उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून वरचेवर द्यावे.

पाय : अब्राहामाने पाहुण्यांसाठी आधी पाय धुण्याचे पाणी मागवले (उत्पत्ती १८). रोज संध्याकाळी पाय धुऊन कोरडे करावेत आणि तळवे व बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. पायाला फोड आल्यास फोडू नये. जखम साबणपाण्याने धुवावी. तिच्यावर तंबाखू, चुना किंवा माती लावू नये. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल दवाखान्यात विचारावे.

मधुमेह : हा सर्वांत महत्त्वाचा इशारा. मधुमेहात पायांची संवेदना कमी होते. काटा रुतला तरी कळत नाही, जखम चिघळते आणि कधी पाय कापावा लागतो. अशा व्यक्तीने नवस असला तरी अनवाणी चालू नये. देव पायाची किंमत मागत नाही. निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, औषध चुकवू नये आणि साखर जवळ ठेवावी. तळवे स्वतःला दिसत नसतील तर घरच्याने पाहावेत. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले. तेव्हा आईबापांचे पाय हातात घेण्यात मुलांना कसला संकोच?

अभ्यासासाठी

१. लूक २४:१३–३५ घरी मिळून वाचा. आपल्या घरापासून ११ किलोमीटरवर कोणते गाव येते ते शोधा.

२. तुमच्या वाड्यात चालता न येणारा कोण आहे? येत्या रविवारी त्याला मिस्साला आणण्यासाठी कोणाची गाडी रिकामी आहे?