स्लो कुकरमध्ये काकडीचं धोंडस होईल का?

प्रश्न : मी कर्जत तालुक्यातल्या एका ठाकुरवाडीत शाळेत शिकवते. भावाने स्लो कुकर भेट दिला आहे. त्यात फळाचा एखादा सोपा गोड पदार्थ होईल का? सध्या घरात काकड्याच काकड्या आहेत. आणि आमच्याकडे वीज केव्हाही जाते.
— एक शिक्षिका

उत्तर : काकड्या आहेत म्हणता, मग दुसरं फळ कशाला शोधायचं? बिया पोटात घेऊन फुलापासून वाढलेली काकडी वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात फळच आहे. श्रावण-भाद्रपदात वेलीवर सुटणाऱ्या त्या जाडजूड, पिवळसर काकड्या कोशिंबिरीला राठ लागतात, पण धोंडसाला, म्हणजे काकडी, तांदळाचा रवा आणि गुळाच्या गोड वड्यांना, त्याच हव्यात.

धोंडस मुळातच सावकाश होणारा पदार्थ आहे. जाड बुडाच्या भांड्याखाली मंद विस्तव आणि झाकणावर निखारे, अशी कोकणातली जुनी रीत. स्लो कुकर मूळचा अमेरिकेतला. शिकागोच्या अर्व्हिंग नॅक्सन यांना 1940 मध्ये त्याचं पेटंट मिळालं. 1971 पासून तो ‘क्रॉक-पॉट’ नावाने विकला जाऊ लागला. त्यात आच खालून आणि बाजूंनी लागते, वरून नाही. शिवाय झाकण बंद असल्याने वाफ फारशी बाहेर जात नाही, पाणी होऊन परत पदार्थावर ठिबकते. धोंडस बिघडलं तर या दोन गोष्टींमुळेच बिघडेल, म्हणून त्यांचा बंदोबस्त आधी करू.

काकडीचा देठाकडचा तुकडा चाखून बघा. कडवटपणा तिथे आणि सालीलगत जास्त असतो, आणि तो शिजवून जात नाही. कडू निघाली तर ती काकडी सरळ बाजूला ठेवा. चांगली असेल तर साल आणि जून बिया काढून किसा. 2 वाट्या किसाला 1 वाटी तांदळाचा रवा, पाऊण ते 1 वाटी गूळ, अर्धी वाटी ओलं खोबरं, वेलची आणि चिमूटभर मीठ. रवा तुपावर खमंग भाजा. किसाला सुटलेलं पाणी अजिबात टाकू नका. त्यातच गूळ विरघळवा, रवा आणि बाकी सगळं घाला, आणि गॅसवर सैलसर शिऱ्याइतकं होईपर्यंत शिजवा. रवा कोरडा वाटला तरच अर्धी वाटी पाणी वाढवा.

आता हे मिश्रण कुकरच्या भांड्यात थेट ओतू नका. तूप लावलेल्या स्टीलच्या डब्यात घाला, डबा कुकरमध्ये ठेवा आणि भोवती 2 वाट्या गरम पाणी ओता. डब्यावर सैल झाकणी ठेवा. कुकरच्या झाकणाखाली कोरडं सुती फडकं ताणून लावा, म्हणजे ठिबकणारं पाणी ते पिईल. फडक्याची टोकं झाकणावर उलटून बांधा, खाली लोंबू देऊ नका. ‘हाय’वर अडीच ते तीन तास लागतील. कुकर 200 वॅटचा असेल तर तीन तासांत 0.6 युनिट वीज जाते.

डब्याचा खरा उपयोग वीज गेल्यावर कळेल. थोडा वेळ गेली तर झाकण उघडू नका, आतली ऊब टिकते. तास उलटला की डबा उचला आणि इडलीच्या भांड्यात वाफवून काम पुरं करा. कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिलेलं ओलं, गोड अन्न आंबतं. कुकरचं चिनीमातीचं भांडं मात्र गॅसवर चढवू नका, तडकेल.

निखाऱ्यांखाली वरून येतो तो खरपूस पापुद्रा या कुकरात येणार नाही, ही त्याची उणीव मान्य करायलाच हवी. त्यावर उपाय तव्याचा : वड्या कापून दोन्ही बाजूंनी तुपावर परता.

अडीच तासांनी मधोमध सुरी खुपसून बघा. स्वच्छ निघाली तर झालं. पण पूर्ण गार झाल्याशिवाय कापू नका, गरम धोंडसाच्या वड्या पडत नाहीत.