एका शोधनिबंधाची गोष्ट

पुण्याहून मुंबईस जाणाऱ्या जुन्या हमरस्त्याने निघाले म्हणजे खडकी व दापोडी मागे टाकल्यावर पिंपरी लागते. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतचा हा मुलूख आज कारखान्यांचा मुलूख म्हणून सर्वत्र ओळखला जातो. मोटारी, स्कूटर, यंत्रांचे सुटे भाग अशा नाना वस्तू येथे तयार होतात. परंतु येथील जुन्या कारखान्यांपैकी एक सर्वांहून निराळा होता. तेथे लोखंड वितळत नव्हते की मोटारी जोडल्या जात नव्हत्या. तेथे बुरशी वाढविली जात असे! शिळ्या भाकरीवर दिसताच जिला आपण नाक मुरडतो, तिच्याच एका जातीपासून तेथे पेनिसिलिन हे प्राणरक्षक औषध तयार होई. त्या कारखान्याचे नाव हिंदुस्तान अँटिबायोटिक्स. त्याचा पाया दगडविटांचा होता खरा; पण त्याहूनही जुना असा त्याचा एक पाया कागदाचा होता. त्या कागदाचीच ही गोष्ट आहे.

१९२८ साली लंडनमधील सेंट मेरी रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग नावाचे शास्त्रज्ञ रोगजंतूंचा अभ्यास करीत होते. सुट्टीहून परतल्यावर ते जंतू वाढविण्याच्या जुन्या काचेच्या बशा पाहू लागले. एका बशीत बुरशी शिरली होती आणि तिच्या भोवतालचे जंतू नाहीसे झाले होते. अशी बिघडलेली बशी पाहून दुसऱ्या कोणी ती धुऊन टाकली असती. फ्लेमिंग यांनी ती जपून ठेवली. बुरशीतून पाझरणाऱ्या द्रव्यास त्यांनी पेनिसिलिन हे नाव दिले. कोणते जंतू त्याने मरतात व कोणते मरत नाहीत, रक्तातील पांढऱ्या पेशींना त्यापासून अपाय होतो की नाही, ते किती दिवस टिकते, हे सारे त्यांनी तपासले.

तथापि ते द्रव्य शुद्ध करणे त्यांना साधले नाही. काम अपुरे राहिले म्हणून ते मनात ठेवून गप्प बसणारे लोक पुष्कळ असतात. फ्लेमिंग यांनी तसे केले नाही. जेवढे पाहिले, जेवढे पडताळले, तेवढे त्यांनी नीट लिहून काढले. १९२९ साली एका वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा शोधनिबंध छापून आला. त्या वेळी त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. तो अंक ग्रंथालयाच्या फळीवर जाऊन बसला, आणि नऊ वर्षे गेली.

१९३८ साली ऑक्सफर्ड येथे अर्न्स्ट चेन नावाचा तरुण रसायनशास्त्रज्ञ जुने शोधनिबंध चाळीत होता. तो ज्यू असल्यामुळे त्यास जर्मनी हा आपला मायदेश सोडावा लागला होता. वाचता वाचता त्याच्या हाती फ्लेमिंग यांचा निबंध आला. चेन व त्याचे प्रमुख हॉवर्ड फ्लोरी यांनी त्या अपुऱ्या कामाचा धागा हाती घेतला. मे १९४० मध्ये त्यांनी आठ उंदरांना घातक जंतू टोचले व त्यांपैकी चौघांना पेनिसिलिन दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी औषध मिळालेले चारही उंदीर जिवंत होते. उरलेले चारही मेले होते.

पुढील वर्षी एका पोलिसाला हे औषध देण्यात आले. जखमेतील विष त्याच्या सर्वांगात भिनले होते. औषध सुरू होताच ताप उतरला व तो अन्न खाऊ लागला. पण औषध इतके थोडे होते, की त्याच्या मूत्रातून बाहेर पडलेले पेनिसिलिन वेगळे काढून पुन्हा त्यालाच टोचावे लागले. अखेर तेही संपले. रोग उलटला आणि तो बिचारा दगावला. ज्ञान होते, पण औषध पुरेसे नव्हते!

हे औषध विपुल कसे करावे, याचा शोध मग अमेरिकेत लागला. पिओरिया या गावी एका नासलेल्या खरबुजावर अधिक पेनिसिलिन देणारी बुरशी सापडली, आणि उथळ भांड्यांऐवजी ती मोठमोठ्या टाक्यांत वाढविता येऊ लागली. १९४५ साली फ्लेमिंग, फ्लोरी व चेन या तिघांना मिळून नोबेल पारितोषिक देण्यात आले.

आपला देश स्वतंत्र झाला, तेव्हा हे औषध परदेशातून विकत आणावे लागे. ते आपल्या भूमीतच तयार व्हावे, या हेतूने भारत सरकारने १९५४ साली पिंपरी येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना केली. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांचे त्यास साहाय्य लाभले. १९५५ साली उत्पादन सुरू झाले. पोलादी टाक्यांत साखर व इतर पोषक द्रव्ये घालून ती निर्जंतुक करावयाची, त्यांत बुरशीचे बीज सोडावयाचे, शुद्ध हवा सतत खेळवावयाची, आणि काही दिवसांनी तो द्रव गाळून त्यातून औषध वेगळे काढावयाचे, अशी ही रीत असते. एक परका जंतू आत शिरला, तरी संपूर्ण टाकी वाया जाण्याचे भय असते.

पिंपरीच्या शास्त्रज्ञांनी केवळ दुसऱ्यांचे ज्ञान वापरले नाही; त्यांनी त्यात भरही घातली. एम. जे. तिरुमलाचार व त्यांचे सहकारी यांनी हॅमायसिन हे औषध शोधून काढले. बुरशीमुळे होणाऱ्या रोगांवर ते गुणकारी ठरले. म्हणजे ज्या आवारात बुरशीपासून औषध होत होते, त्याच आवारात बुरशीवरचे औषधही सापडले! ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले, त्याचे नाव स्ट्रेप्टोमायसेस पिंप्रिना असे ठेवण्यात आले. अशा रीतीने आपल्या पिंपरीचे नाव शास्त्रीय ग्रंथांत गेले. १९६१ साली या शोधाचा निबंध कारखान्याच्याच संशोधनविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

पुढे काळ पालटला. औषधांच्या बाजारात स्पर्धा वाढली व या कारखान्यास तोट्याचे दिवस पाहावे लागले. टाक्या जुन्या होतात, भिंतींचा रंग उडतो. परंतु ते निबंध ग्रंथालयांत तसेच आहेत. ज्याला पुढे जावयाचे असेल, त्याने ते उघडावे.

मुलांनो, आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. नोबेल पारितोषिक स्वीकारताना केलेल्या भाषणात फ्लेमिंग यांनी जगाला सावध केले होते. औषध अपुऱ्या प्रमाणात घेतले, तर जंतू मरत नाहीत. उलट ते त्या औषधाला दाद देईनासे होतात, असे त्यांनी सांगितले. तेही छापलेले होते. तरीही मनाला येईल तेव्हा औषध घेणे आणि जरा बरे वाटताच ते सोडून देणे चालूच राहिले. आज कित्येक जंतूंवर जुनी औषधे चालेनाशी झाली आहेत. पहिला निबंध वाचणारा एक मनुष्य भेटला, म्हणून लक्षावधी प्राण वाचले. दुसऱ्या इशाऱ्याकडे अनेकांनी दुर्लक्ष केले. त्याचे फळ सर्वांना भोगावे लागत आहे. लिहिणाऱ्याने आपले कर्तव्य केले. वाचणे आणि त्याप्रमाणे वागणे, हे आपले कर्तव्य होय.

अभ्यास

१. काम अपुरे असतानाही फ्लेमिंग यांनी निबंध लिहिला. त्यामुळे पुढे काय घडले?
२. ‘ज्ञान होते, पण औषध पुरेसे नव्हते’ हे वाक्य कोणत्या प्रसंगास अनुलक्षून आहे?
३. पिंपरीचे नाव शास्त्रीय ग्रंथांत कसे गेले?
४. तुम्ही स्वतः पाहिलेल्या एखाद्या नैसर्गिक घटनेची, जेवढे दिसले तेवढेच सांगणारी, दहा ओळींची नोंद लिहा.