शाळा व ग्रंथालयांना इंटरनेटची सवलत : अमेरिकेतील ‘ई-रेट’ योजनेचा अभ्यास

सरकारी सवलत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम अर्ज उभा राहतो. शिष्यवृत्ती असो, फी-माफी असो की वसतिगृहातील प्रवेश असो, दाखले, शिक्के आणि शेवटची तारीख यांच्या फेऱ्यातून गेला नाही असा विद्यार्थी आपल्यात विरळाच. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशात असे काही नसेल, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नाही. तेथील शाळा व सार्वजनिक ग्रंथालये यांना इंटरनेटच्या खर्चात २० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंत सवलत मिळते, पण अर्ज केल्याशिवाय ती मिळत नाही. या योजनेस ‘ई-रेट’ असे म्हणतात. समाजातील काही कुटुंबे आज त्या देशात आहेत, त्यांची मुले तेथील सरकारी शाळांत शिकतात आणि उच्च शिक्षणासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्याही वाढते आहे. म्हणून सदर योजना कशी चालते, आणि विशेषतः तिचा अर्ज कोठे अडतो, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करीत आहोत.

योजनेचे मूळ १९९६ च्या दूरसंचार कायद्यात आहे. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ८ फेब्रुवारी १९९६ रोजी त्यावर सही केली. त्याच्या कलम २५४ नुसार शाळा व ग्रंथालयांना दूरसंचार सेवा सवलतीच्या दरात देण्याचे ठरले. स्नो, रॉकफेलर, एक्सॉन आणि केरी या चार सिनेटरांच्या नावाने ही तरतूद ओळखली जाते. फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या दूरसंचार आयोगाने १९९७ च्या मे महिन्यात नियम केले आणि १९९८ पासून पैसा वाटला जाऊ लागला. त्यावेळची स्थिती पाहिली म्हणजे योजनेची गरज कळते. १९९४ मध्ये अमेरिकेतील सरकारी शाळांपैकी ३५ टक्के शाळांत इंटरनेट होते, परंतु प्रत्यक्ष वर्गखोल्यांपैकी केवळ ३ टक्के खोल्यांत. २००५ पर्यंत वर्गखोल्यांचे प्रमाण ९४ टक्क्यांवर गेले.

हा पैसा सरकारी खजिन्यातून येत नाही. दूरसंचार कंपन्यांना आपल्या आंतरराज्यीय व आंतरराष्ट्रीय उत्पन्नातून एका निधीत ठरावीक हिस्सा भरावा लागतो, आणि कंपन्या तो ग्राहकाच्या बिलात लावतात. विरोधकांनी त्या काळी उपाध्यक्ष गोर यांच्या नावावरून त्याला ‘गोर टॅक्स’ असे टोपणनाव दिले होते. प्रारंभी ई-रेटची वार्षिक मर्यादा सव्वादोन अब्ज डॉलर होती. २०१४ मध्ये ती ३.९ अब्ज करण्यात आली व पुढे महागाईप्रमाणे वाढत गेली. निधी गोळा करण्याची ही पद्धतच घटनाबाह्य आहे असा निर्णय एका अपील न्यायालयाने २०२४ मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने २७ जून २०२५ रोजी तो सहा विरुद्ध तीन मतांनी फिरवला, आणि योजना टिकली.

सवलत किती, हे कशावरून ठरते?

आमच्या मते सर्व योजनेचे मर्म या प्रश्नात आहे. सवलतीचा टक्का दोन गोष्टींवर ठरतो : शाळा शहरी भागात की ग्रामीण भागात, आणि तिच्यातील किती मुले सरकारी माध्यान्ह भोजनाच्या मोफत वा अल्पदराच्या सवलतीस पात्र आहेत. ही भोजन योजना १९४६ पासूनची. कुटुंबाचे उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत असेल तर जेवण मोफत, १८५ टक्क्यांपर्यंत असेल तर अल्पदरात. म्हणजे इंटरनेटच्या सवलतीचे माप शाळेत जेवणाऱ्या गरीब मुलांच्या संख्येवरून घेतले जाते. मुख्य जोडणीसाठी कोष्टक असे आहे की १ टक्क्याहून कमी मुले पात्र असतील तर शहरी शाळेस २० व ग्रामीण शाळेस २५ टक्के सवलत. १ ते १९ टक्के असतील तर ४० व ५०. २० ते ३४ असतील तर ५० व ६०. ३५ ते ४९ असतील तर ६० व ७०. ५० ते ७४ टक्के असतील तर दोघांनाही ८०, आणि त्यापुढे दोघांनाही ९० टक्के.

हा हिशेब एकेका शाळेचा होत नाही. एका भागातील सरकारी शाळांचा कारभार जी यंत्रणा एकत्र पाहते, तिला तेथे स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणतात. २०१४ पासून त्या संपूर्ण डिस्ट्रिक्टचा टक्का एकच धरतात. ग्रंथालयाने ज्या डिस्ट्रिक्टच्या हद्दीत त्याची मुख्य शाखा आहे, तेथील टक्का लावायचा. ग्रंथालयात येणारा वाचक कोण, याची वेगळी मोजणी नाही.

विद्यार्थी मित्रांनी आता पुढील गणित करून पाहावे. एका शहरी डिस्ट्रिक्टमध्ये १,००० मुले आहेत व ४९० मुलांची पात्रता कागदावर आहे. प्रमाण ४९ टक्के, सवलत ६० टक्के. इंटरनेटचा वार्षिक खर्च ६०,००० डॉलर असेल तर शाळांना स्वतःचे २४,००० डॉलर घालावे लागतील. आणखी दहाच पालकांनी भोजनाचा अर्ज भरला, तर पात्र मुले ५००, प्रमाण ५० टक्के, सवलत ८० टक्के, आणि शाळांचा हिस्सा १२,००० डॉलर. दहा अर्जांनी वर्षाला १२,००० डॉलर वाचतात! शिवाय त्याच हद्दीतील ग्रंथालयाची सवलतही वाढते.

आणि नेमके हेच अर्ज भरले जात नाहीत. कोणाला लाज वाटते, कोणाला इंग्रजी फॉर्म कळत नाही, कोणाला वाटते आपला मुलगा डबा नेतो, मग फॉर्म कशाला? ही लाज आपल्याला परिचित आहे. ‘फ्रीशिपवाला’ या एका शब्दाने वर्गात मान खाली घालायला लावलेले विद्यार्थी आपल्यातही आहेत. तेथील कायद्याने सवलतीचे मूल इतरांपुढे उघड होईल अशी वेगळी रांग, वेगळे कुपन यांस मनाई आहे, तरी मनातली रांग सुटत नाही. काही शाळा भोजनाच्या अर्जाऐवजी उत्पन्नाची स्वतंत्र पाहणी करतात. पूर्वी आलेल्या थोड्या फॉर्मांवरून सगळ्या शाळेचा अंदाज बांधता येई. २०१४ नंतर तेही बंद झाले, जेवढे फॉर्म हाती आले तेवढीच मुले मोजायची. न आलेला फॉर्म म्हणजे शून्य.

जेथे गरिबी दाट आहे तेथे सर्वच मुलांना मोफत जेवण देण्याची दुसरी तरतूद २०१० च्या कायद्याने आली. तेथे पालकांकडून भोजनाचा अर्ज घेत नाहीत. अन्नसाहाय्यासारख्या अन्य सरकारी यादीत नाव असलेली मुले मोजून त्या संख्येस १.६ ने गुणतात.

अमेरिकेत असलेल्या आपल्या पालकांना येथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. भोजनाचा अर्ज नागरिकत्व विचारीत नाही. सोशल सिक्युरिटी क्रमांक नसेल तर तसे लिहिण्यास त्यात जागा असते. संगणक कंपनीत मोठ्या पगारावर असलेल्या कुटुंबाचा येथे संबंध नाही हे खरे. परंतु पत्नी-मुलांसह विद्यावेतनावर राहून पीएच.डी. करणाऱ्याचे उत्पन्न या मर्यादेत बसू शकते. त्याने तो अर्ज जरूर भरावा. मात्र शनिवार-रविवारी भरणाऱ्या मराठी शाळेला ई-रेट मिळणार नाही. राज्याच्या कायद्याप्रमाणे प्राथमिक वा माध्यमिक शिक्षण देणारी, नफा न कमावणारी शाळाच पात्र ठरते. खाजगी शाळाही चालते, पण तिचा स्थायी निधी पाच कोटी डॉलरपेक्षा अधिक नसावा.

अर्जाची वाट

अर्ज ऑनलाइन आहे. युनिव्हर्सल सर्व्हिस अॅडमिनिस्ट्रेटिव्ह कंपनी या नावाची ना-नफा संस्था आयोगाच्या वतीने हे काम पाहते. पहिली पायरी फॉर्म ४७०. आम्हाला किती वेगाची जोडणी हवी, कोणत्या इमारतीत हवी, हे त्यात लिहून जाहीर करायचे आणि किमान २८ दिवस थांबायचे. या काळात कोणतीही कंपनी बोली लावू शकते. विशिष्ट कंपनीच्या यंत्राचे नाव लिहिल्यास ‘किंवा समकक्ष’ असे जोडावेच लागते. आलेल्या बोलींना गुण द्यायचे, आणि त्यात किमतीला सर्वांत जास्त गुण हवेत. समजा शंभरापैकी किमतीला ३०, अनुभवाला २५, सेवेला २० आणि उरलेले इतर बाबींना, हे चालेल. किमतीला ३० आणि अनुभवालाही ३० हे चालणार नाही.

पुरवठादार कंपनीने शाळेचा फॉर्म ४७० भरून देणे, ही मदत नसून नियमभंग आहे. असा अर्ज मुळातच बाद होतो. याचे कारण इतिहासात आहे. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत संगनमताची मोठी प्रकरणे बाहेर आली. काही कंपन्यांनी न्यायालयात गुन्हे कबूल केले, आणि मग नियम आवळले गेले. भेटवस्तूंवरही मर्यादा आहे : एका वेळी २० डॉलर, आणि एका कंपनीकडून वर्षभरात ५० डॉलर. बैठकीतला चहा-बिस्किटांसारखा किरकोळ फराळ तेवढा चालतो.

याहून फसवा एक प्रस्ताव असतो. कंपनी म्हणते, सरकारकडून ८० टक्के येतीलच, तुमचे २० टक्के आम्ही सोडतो. गरीब शाळेला हे उपकार वाटतात. नियमाने तो गुन्हा आहे. आपला हिस्सा शाळेने भरलाच पाहिजे, आणि तो पैसा आपल्याकडे आहे हे अर्जातच लिहून द्यावे लागते. आम्हाला हा नियम कठोर वाटतो, परंतु चुकीचा वाटत नाही. स्वतःचा रुपया लागला की माणूस किंमत विचारतो.

२८ दिवस झाले, बोली निवडली, करार केला की फॉर्म ४७१. खरा अर्ज हाच. त्याची मुदत साधारणतः जानेवारी ते मार्च अशी असते आणि सवलतीचे वर्ष १ जुलै ते पुढील ३० जून. मागून मोजले तर फॉर्म ४७० शेवटच्या तारखेच्या निदान २८ दिवस आधी गेला पाहिजे. हुशार ग्रंथपाल तो दिवाळीच्या सुमारासच टाकून मोकळा होतो. नंतर तपासनीस प्रश्न विचारतात. त्यांना १५ दिवसांत उत्तर द्यायचे असते. मंजुरीचे पत्र आले तरी काम संपत नाही. सेवा सुरू झाल्याचा फॉर्म ४८६ मुदतीत गेला नाही तर सवलत कापली जाते. शेवटी पैसे मिळण्याचे दोन मार्ग आहेत. एक तर आधी पूर्ण बिल भरून परतावा मागायचा, नाही तर कंपनीलाच सवलत वजा करून बिल द्यायला सांगायचे. ज्या ग्रंथालयाच्या खात्यात पैसे कमी, त्याने दुसरा मार्ग धरावा.

इमारतीतील वायरिंग, वाय-फाय इत्यादींसाठी वेगळा वर्ग आहे. त्यात सवलत जास्तीत जास्त ८५ टक्के, आणि पाच वर्षांना मिळून खर्चाची मर्यादा. २०२१ ते २०२५ या फेरीत ती प्रत्येक विद्यार्थ्यामागे १६७ डॉलर व ग्रंथालयाच्या प्रत्येक चौरस फुटामागे साडेचार डॉलर होती. २,००० चौरस फुटांच्या ग्रंथालयाचे त्याप्रमाणे ९,००० डॉलर होतात. पण लहानांसाठी किमान २५,००० डॉलरची मर्यादा धरली होती, म्हणून त्याच्या वाट्यास २५,००० आले. ही किमान मर्यादा म्हणजे योजनेतील एक शहाणपणाची ओळ, असे आम्ही मानतो.

सवलत घेणाऱ्यावर एक अटही येते. २००० सालच्या कायद्याप्रमाणे अश्लील चित्रे रोखणारी गाळणी संगणकावर बसवावी लागते. ग्रंथालय संघटनेने हा कायदा न्यायालयात नेला होता. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये तो कायम केला. प्रौढ वाचकाने मागणी केल्यास गाळणी काढता येते. तरीही काही ग्रंथालयांनी या अटीपायी सवलतच नाकारली. त्यांच्या तत्त्वनिष्ठेचा आदर ठेवूनही आम्हास वाटते की ज्याच्या घरी संगणक नाही, त्या वाचकाला विचारून हा निर्णय घ्यायला हवा होता.

योजनेच्या कडा सतत हलत असतात. आदिवासी जमातींची ग्रंथालये कित्येक वर्षे व्याख्येच्या शब्दांत अडकून बाहेर राहिली. आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये व्याख्या बदलली, तेव्हा त्यांची पात्रता स्पष्ट झाली. शाळेच्या बसमधील वाय-फाय २०२३ मध्ये आत आले, घरी नेण्याचे हॉटस्पॉट २०२४ मध्ये आले, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये दोन्ही बाहेर गेले. ज्या मुलाचा अभ्यास बसच्या दीड तासात होत होता, त्याला याचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही.

अर्ज नामंजूर झाला तर ६० दिवसांत त्याच संस्थेकडे अपील करता येते, आणि तेथेही न्याय मिळाला नाही तर आयोगाकडे. अपिलात कागद बोलतो. आलेल्या सर्व बोली, हरलेल्या कंपन्यांच्याही, गुणांचा तक्ता, करार, बिले आणि पत्रव्यवहार हे सारे सेवेच्या शेवटच्या दिवसापासून दहा वर्षे जपून ठेवण्याचा नियम आहे. लहान ग्रंथालयात एकच माणूस ग्रंथपाल, कारकून आणि शिपाई असतो. त्याने नोकरी सोडली की फाइल कोठे आहे हे कोणालाच ठाऊक नसते. म्हणून तेथील जाणती मंडळी पहिल्या दिवसापासून एक फाइल कपाटात व एक प्रत संगणकावर ठेवतात, आणि दोन्हींची जागा कार्यकारिणीतील दुसऱ्या एका सभासदास दाखवून ठेवतात.